खडप्याचे बी

मित्रांनो, चुलीच्या वर वाशाला टांगलेली, धुराने काळीभोर झालेली एक फुगीर वस्तू तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. कोणी तिला मडके समजतो, कोणी वटवाघूळ. मी दोन्ही नाही. मी एक जुना तुंबा आहे, म्हणजे आतून पोकळ केलेला, वाळवलेला दुध्या भोपळा. माझे काम बी सांभाळण्याचे. दहा पावसाळे मी ते केले.

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या काठी एका वाडीत गंगुबाईचे घर आहे. १९४८ सालच्या पावसात मी तिच्या गोठ्याच्या छपरावर वाढलो. माझ्या वेलावरचे बाकीचे दुधी कोवळे असतानाच भाजीला गेले. मला मात्र गंगुबाईने ठेवले, कारण माझा आकार तिला आवडला. वेल वाळून गेल्यावरच तिने मला उतरवले. मग माझ्या देठाकडचा भाग कापला आणि मला पाण्याने भरून महिनाभर कुजत ठेवले. आतला गर निघून गेला, घाणही निघून गेली. उन्हात वाळलो तेव्हा मी लाकडासारखा टणक झालो होतो. फणसाच्या लाकडाचे बूच माझ्या तोंडात बसले आणि मी चुलीवर गेलो. धुरामुळे आत कीड येत नाही, एवढे गंगुबाईला पक्के ठाऊक होते.

गंगुबाईच्या घरी चार जातींचे लाल भोपळे होत. चारींचे बी चार वेगवेगळ्या चिंध्यांत बांधून ती माझ्या पोटात ठेवी. पहिला मोठा, गोल, खोल फाकांचा. तो दिसायला राजबिंडा, पण दिवाळीनंतर टिकत नसे. दुसरा सुरईसारख्या लांब मानेचा. त्याचा गर गोड, म्हणून घारग्यांना तोच लागे. तिसरा चपटा आणि हिरवट, अंगावर पांढरे ठिपके असलेला. त्याला पाऊस कितीही लागला तरी वेल सडत नसे. आणि चौथा खडप्या.

खडप्या म्हणजे समुद्रकाठच्या खडकासारखा. लहान, राखी रंगाचा, अंगभर गाठी. त्याची भाजी काही फार चविष्ट होत नसे. पण त्याची साल इतकी कठीण की कोयत्याचे दोन घाव लागत. कार्तिकात उतरवून माळ्यावर पेंढ्यावर ठेवला, तर तो पुढच्या आषाढापर्यंत जसाच्या तसा राही. इतर तीन जाती ज्याला खायच्या त्याने घरी खाव्यात. खडप्या मात्र समुद्रावर जाई.

खाडीच्या पलीकडच्या काठाला मजीद तांडेल राहत असे. त्याच्या मालकीचे एक शिडाचे गलबत होते. पावसाळा संपला की आठ खलाशी घेऊन तो एडनपर्यंत जाई आणि वैशाखात परत येई. कांदे-बटाटे महिन्या-दोन महिन्यांत संपतात किंवा कोंब फुटून जातात. त्यानंतर गलबतावर भाजी म्हणून उरे तो खडप्या. दरवर्षी मजीदची बायको हफीजा होडीतून अलीकडे येई आणि गंगुबाईकडून बावीस-पंचवीस खडपे घेऊन जाई. बदल्यात ती सुके बांगडे आणि एडनचा खजूर देई. दोघींच्या सासवांच्या काळापासून हे चालत आलेले होते.

खडप्याचे बी गंगुबाई परसात कधीच लावत नसे. घरामागची टेकडी चढून पलीकडे कातळावर मातीचा एक खळगा होता, तिथे ती एकटीच जाऊन ते लावी. एवढ्या लांब का, असे एकदा तिच्या सुनेने विचारले. सुनेचे नाव कमळा. गंगुबाईचा मुलगा लवू मुंबईला गिरणीत होता आणि घरी या दोघीच असत.

"माझ्या सासूनं सांगितलान," गंगुबाई म्हणाली, "ह्याचं दुसऱ्यांशी पटत नाय. ह्याला एकट्यालाच ठेवायचा."

यापलीकडचे कारण तिलाही माहीत नव्हते.

१९५३ च्या जूनमध्ये विहिरीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले होते. गंगुबाई त्यावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधून तिला तीन महिने अंथरुणावर राहायला सांगितले. त्या पावसाळ्यात भाताची लावणी, गुरे, स्वयंपाक आणि सासूची सेवा हे सगळे कमळाने एकटीने केले. टेकडी चढून कातळावर जायला तिला वेळ नव्हता. तिने मला खाली काढले, चारही पुरचुंड्या सोडल्या आणि चारही जाती परसात एकमेकींशेजारी लावल्या. कुठलीच जात बुडू नये, म्हणूनच तिने हे केले. आळशी बाई असती तर तिने खडप्या लावलाच नसता.

त्या वर्षी भोपळे नेहमीसारखे आले. खडप्याला खडप्यासारखेच फळ लागले. हफीजा नेहमीप्रमाणे घेऊन गेली आणि मजीद नेहमीप्रमाणे परत आला. कमळाने बी काढून, राखेत घोळून, वाळवून माझ्या पोटात ठेवले. बदल झाला होता तो बियांच्या आत. बाहेरून तो कोणाला दिसण्यासारखा नव्हता. मलाही कळला नाही.

पुढच्या वर्षी तेच बी पेरले गेले. गंगुबाई आता काठी टेकत चालू लागली होती, पण टेकडी तिला जमत नव्हती. यंदाही सगळे परसातच लावले. आणि खडप्याच्या वेलाला भलतीच फळे लागली. ती दीडपट मोठी होती, गाठी कमी होत्या, राखी रंगात तांबूस झाक होती. वाडीतल्या बायका बघायला आल्या. शेजारची चिमा म्हणाली, "कमळे, तुझा हात लागला आणि खडप्याचं रूप पालटलं गो!" कमळाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होते, ते मी चुलीवरून पाहिले. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात तिच्या हाताला प्रथमच कोणी नावाजले होते.

भोपळे उतरवले त्या संध्याकाळी गंगुबाईने एक फळ मांडीवर घेतले आणि सालीवर अंगठ्याचे नख दाबले. खडप्याच्या सालीत नख जात नाही. या सालीत ते गेले. गंगुबाईने नखाच्या त्या खुणेकडे पाहिले, मग कमळाकडे पाहिले. कमळा उरलेले भोपळे पेंढ्यावर नीट मांडत होती आणि गुणगुणत होती. गंगुबाईने फळ खाली ठेवले. ती काही बोलली नाही.

चार दिवसांनी हफीजा बावीस भोपळे घेऊन गेली.

१९५५ च्या वैशाखात मजीदचे गलबत ठरल्या दिवशी आले नाही. आठवडा गेला, मग दुसरा. हफीजा रोज बंदरावर जाऊन येई. वीस दिवस उशिरा गलबत लागले, तेव्हा त्याची मधली डोलकाठी अर्धीच होती. वाटेत काय झाले ते मजीदने आमच्या पडवीत बसून सांगितले. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"काकी," तो म्हणाला, "औंदाचा भोपळा तुमचा नव्हता."

"माझाच व्हता," गंगुबाई म्हणाली. "काय झालं ते सांग."

परतीच्या वाटेवर वादळात डोलकाठी मोडली होती. त्यानंतर वारा पडला आणि गलबत भर समुद्रात वाहत राहिले. तांदूळ संपत आला तेव्हा त्यांनी परतीसाठी राखून ठेवलेले भोपळे बाहेर काढले. बावीसपैकी सोळा आतून पाणी झाले होते. सहा भोपळ्यांवर नऊ माणसांनी अकरा दिवस काढले. मजीदचा धाकटा भाऊ हारुन गलबतावर स्वयंपाक करी. तो चांगला भाग इतरांना वाढायचा आणि कुजका भाग कापता कापता उरेल ते स्वतः खायचा. हे कोणाच्या लक्षात आले नाही. शेवटी त्याला रक्ताची हगवण लागली. बंदरावर त्याला चादरीच्या झोळीतून उतरवावे लागले.

"जगेल ना?" गंगुबाईने विचारले.

"डॉक्टर म्हणतो जगेल. पण आता दर्या नको म्हणतो. काकी, मी दोष द्यायला नाही आलो. पुढल्या खेपेला आम्ही भोपळ्यावर भरवसा ठेवू की नको, एवढंच विचारायला आलो."

मग गंगुबाई म्हणाली, "नख रुतलं व्हतं. भोपळे उतरवले त्याच दिवशी. मला कळलं व्हतं, मजीद, आणि मी गप बसले."

भाकरी थापणारी कमळा थांबली. पीठ लागलेल्या हातांनीच ती पडवीच्या दारात गेली.

"आत्याबाय, कळलं व्हतं तर बोललात का नाय?"

"तुजा चेहरा बगून."

"माज्या चेहऱ्यासाठी?" कमळाचा आवाज चढला. "दोन शब्द बोलला असता तर मी चार दिवस रडले असते. त्या माणसाचा जीव जायची पाळी आली!"

मजीद उठला आणि निघून गेला. तव्यावरची भाकरी करपली, ती कोणी उलटली नाही. दुसऱ्या दिवशी कमळाने मला खाली काढले आणि खडप्याच्या पुरचुंडीतले सगळे बी गंगुबाईसमोर सुपात ओतले. दोघींनी एकेक बी पाहिले. काही जाड काठाचे होते, काही पातळ, काही पांढरे, काही पिवळसर. जुने बी एकही शिल्लक नव्हते. दोघींनी ते सगळे चुलीत टाकले.

त्यानंतर पंधरा दिवस हफीजाची होडी अलीकडे आली नाही. हारुन तिचा दीर होता. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. गंगुबाई रोज खाडीकडे पाही, पण पलीकडे जायचा तिला धीर होत नव्हता. शेवटी हफीजाच आली. ती पडवीत बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "हारुन आज पेज जेवला. ते सांगायला आले."

गंगुबाईने तिचा हात धरला.

"आणि आणखी एक," हफीजा म्हणाली. "माझी बहीण रहिमा बाणकोटला दिलेली. तिच्या लग्नात तुम्ही तिच्या ओटीत खडप्याचं बी घातलेलं. आठवतं? ती अजून लावते."

गंगुबाईला आठवत नव्हते. लग्नाला बारा वर्षे झाली होती.

आगोटीच्या आधी, म्हणजे पावसापूर्वी समुद्र बंद होण्याआधी, शेवटच्या काही आगबोटी राहिल्या होत्या. त्यांतली एक धरून गंगुबाई आणि हफीजा बाणकोटला निघाल्या. मंडणगड तालुक्यातले ते बंदर. गंगुबाई आयुष्यात प्रथमच आगबोटीत बसत होती. मला तिने लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पोटाशी धरले होते. ती अख्ख्या वाटेत ओकली, पण तिने मला हातातून सोडले नाही.

रहिमाचे घर खाडीच्या वरच्या चढावर एकटेच होते. आसपास दुसरा भोपळ्याचा वेल नव्हता. तिच्या माळ्यावर तीन भोपळे उरले होते. राखी रंग, अंगभर गाठी. गंगुबाईने पुढे होऊन नख लावले. नख गेले नाही. तिने तो भोपळा उचलून पोटाशी घेतला.

तरी हा अगदी आमचा खडप्या नव्हता. तो किंचित लांबट होता. रहिमाने त्यातला एक चिरला, तेव्हा आतला गर शेंदरी निघाला आणि शिजवल्यावर चांगलाच गोड लागला.

"आमचा असा गोड नव्हता," गंगुबाई म्हणाली.

रहिमा हसली. "तुम्ही बी ठेवताना साल बघायच्या. मी चाखून बघायचे. जो गोड, त्याचंच बी ठेवायचे. माझा दर्यावर कुठे जायचा होता? माझ्या पोरांच्या पोटात जायचा."

मित्रांनो, मी अनेक वर्षे बियांच्या सहवासात काढली, पण ही गोष्ट मला त्या दिवशी समजली. एकाच पुरचुंडीतले बी दोन घरी गेले. एका घरी नखाने निवडले गेले, दुसऱ्या घरी जिभेने. बारा वर्षांत दोन्हीकडे थोडे थोडे वेगळे फळ झाले. बी निवडणारी बाई बियात आपली आवड ठेवून जाते.

उरलेले दोन भोपळे आणि चिरलेल्याचे बी घेऊन दोघी परत आल्या. पाऊस पडताच कमळाने टेकडी चढून कातळावर बी लावले. पण त्या वर्षी पलीकडच्या वाडीतल्या कोणीतरी तिथून जवळच गोल भोपळा लावला होता. आता काय करावे हे तिला कळेना. त्याच सुमाराला शेतकी खात्यातले राजाभाऊ नावाचे गृहस्थ वाडीत माडांची रोपे बघायला आले होते. कमळाने त्यांना गाठले. त्यांनी तिच्याबरोबर कातळावर जाऊन वेल पाहिले आणि संध्याकाळी आमच्या पडवीत बसून समजावून सांगितले.

"वेलावर दोन तऱ्हेची फुलं असतात. एकाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. दुसऱ्याच्या नसतो."

"ती वांझ फुलं. त्यांची आम्ही भजी करतो," गंगुबाई म्हणाली.

"ती वांझ नाहीत, आजी. ती बाप आहेत. मधमाशी त्यांच्यातली पिवळी पूड उचलते आणि दुसऱ्या फुलात नेऊन टाकते. माशीला गोल कोणता आणि खडप्या कोणता याच्याशी काही कर्तव्य नसतं. हे दोघे एकाच कुळातले, म्हणून मिसळतात; तुमचे बाकीचे दोन वेगळ्या कुळांतले, ते मिसळत नाहीत. त्या वर्षी फळ आईसारखंच दिसतं. खरा प्रकार कळतो तो पुढच्या वर्षी."

गंगुबाई विचारात पडली. "माजी सासू म्हणायची, ह्याचं दुसऱ्यांशी पटत नाय."

राजाभाऊ मोठ्याने हसले. "पटत नाही कसलं? फारच पटतं, तोच तर घोटाळा आहे!"

कमळाही हसली. मजीद पडवीत बसून गेला त्या दिवसानंतर ती प्रथमच हसत होती.

राजाभाऊंनी सांगितल्याप्रमाणे, उमलायच्या आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत कमळा दोन्ही तऱ्हेच्या कळ्यांची तोंडे दोऱ्याने बांधून येई. सकाळी माश्या यायच्या आत ती बाप फूल तोडून आई फुलात घुसळी आणि पुन्हा दोरा बांधी. पावसात टेकडी चढून हे तिने तेवीस दिवस केले. बारा फळे धरली. कार्तिकात दोघींनी मिळून ती उतरवली. या वेळी नख कमळाने लावले. सात फळांत ते गेले नाही, पाचांत किंचित गेले.

"बोल," गंगुबाई म्हणाली. "मोठ्यानं बोल."

"हे पाच भाजीचे," कमळा म्हणाली. "हे सात बियाचे."

एका वर्षात जात सावरत नाही. ५६ साली पुन्हा तेच केले, ५७ सालीही तेच. दरवर्षी काही भोपळे आषाढापर्यंत राखून ठेवायचे, जे टिकतील त्यांचेच बी घ्यायचे. त्यातही रहिमाची सवय कमळाने उचलली. टिकलेल्यांतला एकेक चाखून मगच ती बी ठेवी. १९५७ च्या दिवाळीनंतर मजीद स्वतः आला आणि वीस भोपळे घेऊन गेला. त्याने एकालाही नख लावून पाहिले नाही. पुढच्या वैशाखात तो वेळेवर परतला. हारुन आता बंदरावर जाळी विणण्याचे काम करतो. गलबतावरून उरलेले तीन भोपळे त्यानेच उतरवून घेतले, आणि हफीजाने त्यांची भाजी केली तेव्हा त्याने ती दोनदा मागून घेतली. हे हफीजाने आमच्याकडे येऊन मुद्दाम सांगितले.

तीन वर्षे सगळे खडप्याच्या मागे होते. त्या काळात चपट्या ठिपक्याच्या भोपळ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती तिन्ही वर्षे तो लावायचाच राहिला. चौथ्या वर्षी लावला, तर बी उगवले नाही, ते म्हातारे झाले होते. वाडीत विचारले, पलीकडच्या काठाला विचारले. कोणाकडेच तो नव्हता. ज्याचा वेल कोणत्याही पावसात सडत नसे, तो भोपळा आता कुठे आहे हे मला माहीत नाही. बहुधा कुठेच नसावा. त्याची रिकामी चिंधी काही दिवस माझ्या पोटात होती, मग कमळाने ती काढली.

त्याच दिवशी तिने उरलेल्या तिन्ही जातींचे बी सुपात घेतले आणि त्याचे वाटे केले. एक चिमाला, एक हफीजाला, एक बाणकोटच्या रहिमाला. एक दापोलीला, कमळाच्या माहेरी. आणखी तीन वाटे वाडीतल्या तीन घरांत. देताना प्रत्येकीला ती एकच सांगत होती, "खायला मागाल तर देणार नाय. लावणार असाल तरच घ्या. आणि माझं गेलं तर मला परत द्या."

गंगुबाई पडवीतून बघत होती. "सगळंच वाटलंस काय गो?"

"आपला वाटा ठेवलाय, आत्याबाय. सगळं एकाच घरात ठेवण्याची मला आता भीती वाटते."

गंगुबाईने मान हलवली आणि रहिमाच्या वाट्याला स्वतःच्या हाताने गाठ मारून दिली.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोटाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. कमळाने डिंक लावून पाहिला, तो टिकला नाही. नवा तुंबा छपरावर वाढतो आहे. तुमच्या घरीही एखादे कुरूप फळ असेल, एखादी जात असेल जिचे काम वर्षातून एकदाच पडते. ती टाकू नका. तिचे बी दरवर्षी जमिनीला दाखवा आणि मूठभर शेजारी द्या. बरणीत ठेवलेले बी सुरक्षित आहे असे वाटते, पण ते हळूहळू मरत असते. हे मी आतून पाहिले आहे.

माझ्या पोटात आज एकही बी नाही. आठ घरांच्या परसांत, टेकड्यांवर आणि छपरांवर ते आहे. मी रिकामा आहे, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.